ठिपक्यातून आकार

हैदराबादच्या विद्यानगरला लागूनच उस्मानिया विद्यापीठाचा परिसर आहे आणि तिथल्या खगोलशास्त्राची मुळे निजामिया वेधशाळेत आहेत. या वेधशाळेची गोष्ट सांगताना नवाब जफर जंग यांची हौस, निजामाचा आश्रय आणि बेगमपेठेतली दुर्लक्षित वास्तू एवढ्यावरच बहुधा भागवले जाते. तिथे रोज नेमके काय चालायचे, हे त्यात राहून जाते. दुर्बिणीतही ठिपक्याएवढ्याच दिसणाऱ्या ताऱ्याकडून मोजमापाच्या जोरावर माहिती वसूल करायची, हे तिथले काम होते. फुटणाऱ्या महाकाय ताऱ्यांचे आकार ओळखण्याची आजची विद्या याच कामाच्या कुळातली आहे, असे माझे म्हणणे आहे.

जफर जंगांनी १९०१ मध्ये फिसलबंडा येथे स्वखर्चाने ही वेधशाळा काढली. १९०७ मध्ये ते वारले, निजाम सरकारने ती ताब्यात घेऊन बेगमपेठेला हलवली आणि १९१९ मध्ये ती उस्मानियाकडे आली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करण्याची आंतरराष्ट्रीय योजना १८८७ मध्ये पॅरिसला ठरली होती. तिच्यात चिलीतल्या सांतियागो वेधशाळेकडून राहून गेलेला दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने पुरा केला. पुढे पॉट्सडॅमच्या वाट्याचा उत्तरेकडचा भागही अंगावर घेतला. आठ इंची कुक दुर्बिणीने काचेच्या प्लेटवर चित्र घ्यायचे, तिच्यावर पाच मिलिमीटर चौकटींची जाळी उमटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याचे चौकटीतले स्थान वाचून टिपायचे. असे साडेसात लाखांहून अधिक तारे मोजले गेले. अशा सूचीत ठिपक्याच्या व्यासालाही महत्त्व असते, पण त्यावरून ताऱ्याचा आकार कळत नाही. तारा तेजस्वी असला की काचेवर मोठा उमटतो, इतकेच. दिसते ते कशामुळे दिसते याचा हिशेब आधी लावायचा, ही शिस्त या कामातून मुरली.

१९६० नंतर उस्मानियाच्या खगोलशास्त्र विभागाची धुरा आर. व्ही. करंदीकर आणि के. डी. अभ्यंकर या प्राध्यापकांनी वाहिली. शहराबाहेर जापल-रंगापूरला ४८ इंची दुर्बीण बसली आणि पिधानकारी युग्मतारे हा तिथला हातखंडा विषय झाला. परस्परांभोवती फिरणारे दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकतात, तरी दुर्बिणीत ठिपका एकच दिसतो. फक्त त्याचे तेज कमीजास्त होते. ग्रहण नसतानाही तेज सावकाश चढत-उतरत राहिले, तर ते तारे एकमेकांच्या ओढीने लांबट झालेले असू शकतात. म्हणजे प्रकाशमापकाच्या आकड्यांतून ताऱ्याची ठेवण काढायची. अभ्यंकरांच्या कामाला आणखी एक बाजू होती. वातावरणात विखुरणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणाचे, म्हणजे त्याची कंपने एका दिशेत एकवटण्याचे, गणित त्यांनी ए. एल. फायमाट यांच्यासह १९७० च्या सुमारास मांडले. या विषयाचा पाया सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४० च्या दशकात घातला होता. इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश ताऱ्याच्या कडेशी जास्त ध्रुवित होतो, हे त्यांचे भाकीत.

गोल ताऱ्याच्या कडेभोवती हे ध्रुवण सगळीकडे सारख्याच प्रमाणात पण निरनिराळ्या दिशांचे असल्याने त्याची बेरीज शून्य येते. गोळा लांबट असेल तर एका दिशेची बाजू वरचढ ठरते आणि ठिपक्याच्या एकूण प्रकाशात थोडे ध्रुवण शिल्लक राहते. शापिरो आणि सदरलँड यांनी १९८२ मध्ये हेच सूत्र अतिनवताऱ्यांना, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांना, लावले. १० एप्रिल २०२४ रोजी सुमारे २ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ३६२१ या दीर्घिकेत सूर्याच्या १२ ते १५ पट वस्तुमानाचा तारा फुटल्याचे आढळले. शोध लागल्यापासून २६ तासांत चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण मोजले. पृष्ठभाग फोडून बाहेर येणारा स्फोट ऑलिव्हच्या फळासारखा लांबट होता, असा निष्कर्ष यी यांग यांच्या गटाने २०२५ मध्ये जाहीर केला. आकार कळला की ताऱ्याच्या पोटातली ऊर्जा सगळीकडे सारखी फाकली, की एखाद्या अक्षाच्या बाजूने जास्त धावली, हे ताडता येते. म्हणून या खटाटोपाचे मोल.

यावर कुणी म्हणेल, सरळ छायाचित्रच का घेत नाहीत? १९८७ च्या अतिनवताऱ्याभोवतालचे कडे हबल दुर्बिणीने दाखवले आहेच. पण ते कडे स्फोटाच्या सुमारे २० हजार वर्षे आधी ताऱ्याने टाकलेल्या वायूचे आहे; स्फोटाच्या पहिल्या तासांतली ठेवण त्यात सापडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाटेतली धूळही प्रकाश ध्रुवित करते. चंद्रशेखरांचे भाकीत पिधानकारी ताऱ्यांत तपासायला निघालेल्या हिल्टनर आणि हॉल यांना १९४९ मध्ये धुळीमुळे होणाऱ्या या ध्रुवणाचाच शोध लागला. शिवाय लांबट स्फोट नेमका टोकाकडून पाहिला तर गोलच वाटेल. या अडचणी खऱ्या आहेत. त्यावर उपाय म्हणजे धुळीचा वाटा वेगळा काढायचा, वर्णपटातल्या निरनिराळ्या रेषा पडताळायच्या आणि अनेक रात्री तेच पुन्हा मोजायचे. हे सारे त्या जुन्याच शिस्तीत बसते.

हैदराबादने अतिनवताऱ्यांचे आकार काढले, असा दावा यात नाही. यांग यांच्या गटाने निजामियाकडून काही उसने घेतले, असेही नाही. पण केवळ गाजलेल्या शोधांची यादी करून वेधशाळांचे मोल ठरवले, तर सूची, आलेख आणि गणित यांत खर्ची पडलेली आयुष्ये हिशेबात येतच नाहीत. एखादा निष्कर्ष अनेक पिढ्यांच्या मोजणीवर उभा असताना त्याचे सगळे श्रेय शेवटच्या आणि सर्वांत मोठ्या दुर्बिणीच्या खात्यावर टाकणे हा इतिहासलेखनातला आळस आहे.