युगाचे दिवस आणि कोंकणचा गणिती

चिपळुणांत एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत जो काळ जातो, त्यास ज्योतिषी सावन दिवस म्हणतात. हल्लीच्या सूर्यसिद्धान्तानें ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत असे १,५७,७९,१७,८२८ दिवस सांगितले आहेत. एवढ्या अवाढव्य संख्येचें प्रयोजन काय? वर्षाचे दिवस पूर्णांकांत येत नाहींत. तो अपूर्णांक टाळण्यासाठीं प्राचीन गणितींनीं काळच इतका लांब घेतला, कीं वर्षेंही पूर्ण यावींत आणि दिवसही. भागाकार केला असतां वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचें येतें.

आर्यभटाच्या मानानें हेच दिवस १,५७,७९,१७,५०० होतात. दोहोंत अंतर अवघें ३२८. वर्षामागें सुमारें साडेसहा सेकंद. परंतु दोन्ही संख्यांचा स्वभाव अगदीं निराळा! आर्यभटाचे दिवस आणि युगाचीं वर्षें या दोहोंस ७,५०० नें निःशेष भाग जातो. म्हणून त्याच्या मतें ५७६ वर्षांत बरोबर २,१०,३८९ दिवस भरतात. सूर्यसिद्धान्ताच्या संख्येस युगवर्षांशीं ४ हून मोठा सामाईक भाजकच नाहीं. तेथें वर्षें आणि दिवस एकदम पूर्ण होण्यास १०,८०,००० वर्षें लागतात.

अशा संख्येनें रोजचें गणित करावयाचें कसें? कलियुगाच्या आरंभापासून इ. स. १५२० पर्यंत सोळा लक्षांहून अधिक दिवस लोटले होते. करणग्रंथ जवळचें आरंभवर्ष धरीत. तरी कालांतरानें दिवसगणना वाढतच जाई. ती वाढ थांबविली कोंकणांतील, जंजिऱ्याजवळच्या नांदगांवीं राहणाऱ्या केशवपुत्र गणेश दैवज्ञानें. शके १४४२ हें आरंभवर्ष धरून रचिलेल्या ‘ग्रहलाघवां’त त्यानें ११ वर्षांचें, ४,०१६ दिवसांचें एक चक्र कल्पिलें. झालेलीं चक्रें निराळीं मोजावयाचीं, प्रत्येक चक्राबद्दल ग्रहाचा ठरीव ध्रुव हिशेबांत घ्यावयाचा, आणि उरलेल्या दिवसांचें गणित करावयाचें. ते दिवस चार आंकड्यांपलीकडे जात नाहींत. महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चाललीं.

तथापि सोयीची संख्या ती खरी संख्या, असें नव्हे. सूर्यसिद्धान्ताचें वर्ष प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. सुमारें ४२० वर्षांत एक दिवस चुकतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ च्या सुमारास नव्या वेधांवर आधारलेलें पंचांग सुरू केलें आणि राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्याशीं जोडला. त्याच मार्गाचें टिळक पंचांग मानणारीं कुटुंबें रत्नागिरी जिल्ह्यांत आजही आहेत. अधिक मास निराळा आला, कीं त्यांचा गणेशोत्सव शेजाऱ्यांच्या महिनाभर आधीं होतो.

हा वाद कोणाच्या श्रद्धेचा उणेपणा दाखवीत नाहीं. गणेश दैवज्ञानें स्वतः कोणताही एकच सिद्धान्त डोळे मिटून स्वीकारला नव्हता. सूर्याचें मान त्यानें सौरपक्षाचें घेतलें, इतर कांहीं ग्रहांचें दुसऱ्या पक्षांचें. कसोटी एकच, आपल्या काळच्या आकाशाशीं तें जुळतें कीं नाहीं.