नावेचे नाव

मराठीत 'नाव' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. पाण्यावर तरंगते ती नाव आणि माणसाला ओळख देते ते नाव. शिडाच्या जुन्या जहाजांची तैलचित्रे कोणी काढली, कोणी जमवली आणि का जपली, याचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा या दोन अर्थांची गाठ आम्हांस पदोपदी पडली. त्या इतिहासाची थोडी ओळख वाचकांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

जहाजांची चित्रे केवळ राजवाड्यांच्या आणि सावकारांच्या भिंतींवर जमली असे नाही. युरोपच्या किनाऱ्यावरील तीर्थमंदिरांतही ती पिढ्यानपिढ्या जमत गेली. फ्रान्समधील मार्सेय बंदराच्या टेकडीवर 'नोत्र दाम द ला गार्द' हे मरियामातेचे मंदिर आहे. आजची वास्तू 1864 साली अभिषिक्त झाली, पण तेथील भक्तिपरंपरा कित्येक शतकांची आहे. इटलीत लिव्होर्नोजवळ मोंतेनेरो आहे, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ऑनफ्लरची टेकडी आहे. वादळातून वाचलेले खलाशी या ठिकाणी नवस फेडण्यास येत आणि बरोबर एक चित्र आणीत. कधी ते लाकडी फळीवर तेलरंगात काढलेले असे, कधी कागदावर जलरंगात. खवळलेला समुद्र, मोडलेली डोलकाठी, फाटलेली शिडे आणि वरच्या कोपऱ्यात ढगांतून डोकावणारी बालयेशूसह माता, अशी त्याची साधी मांडणी असे. चित्रकार बहुधा बंदरातलाच कोणी साधा कारागीर. पण खालच्या पट्टीवर जहाजाचे नाव, कप्तानाचे नाव, तारीख आणि वादळाची जागा लिहिण्याचा प्रघात होता. आभार मानायचे ते मोघम मानून कसे चालेल? कोणती नाव वाचली, हे सांगायलाच हवे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मार्सेयचा जुना ठेवा बहुतांशी नष्ट झाला. पुढच्या पिढ्यांनी तो पुन्हा उभा केला.

भक्तीतून आलेल्या या चित्रांहून वेगळी परंपरा सतराव्या शतकात हॉलंडमध्ये बहरास आली. विलेम व्हान द व्हेल्द हे बापलेकांचे एकच नाव. थोरला (1611 ते 1693) हा आरमाराबरोबर एका लहान गलबतातून लढाईत जाई आणि तोफांच्या धुरात बसून कागदावर जहाजांची रेखाटने करी. 1666 साली इंग्रज आणि डच यांच्यात चार दिवस चाललेली समुद्रावरील लढाई त्याने अशीच डोळ्यांनी पाहिली. धाकटा (1633 ते 1707) त्या रेखाटनांवरून तैलचित्रे रंगवी. 1672 च्या सुमारास हे दोघे इंग्लंडला गेले. 1674 साली दुसऱ्या चार्ल्स राजाने दोघांना प्रत्येकी वर्षाला शंभर पौंडांचा तनखा बांधून दिला: बापाने लढायांची रेखाटने करावीत आणि लेकाने त्यांत रंग भरावेत. ग्रिनिच येथील राणीच्या महालात त्यांना कामासाठी जागा मिळाली. त्यांच्या चित्रांतील जहाजे नुसती 'जहाजे' नाहीत. पिछाडीवरचे कोरीवकाम, तोफांच्या झडपा आणि डोलकाठ्यांचे ताण पाहून जाणकार आजही सांगू शकतो की हे अमुक जहाज.

इतका बारकावा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर गिऱ्हाइकात आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मोठ्या बंदरांतून जहाजांची 'व्यक्तिचित्रे' काढून देणारे कलावंत होते. कप्तान आणि मालक त्यांच्याकडून आपले जहाज रंगवून घेत आणि घरच्या दिवाणखान्यात लावीत. ढगांचा रंग चुकला तरी कप्तान काही बोलत नसे. एखादा दोर चुकीच्या जागी बांधलेला दिसला, तर मात्र तो खपवून घेत नसे. त्याच दोरावर त्याचा जीव टांगलेला होता.

वाफेची जहाजे आली आणि शिडांची जहाजे मोडीत निघाली. लाकूड कुजले, लोखंड वितळवले गेले. राहिली ती चित्रे, आणि तीही वारसांच्या माळ्यावर धूळ खात. अशा वेळी संग्राहकांचे महत्त्व कळते. इंग्लंडात मॅकफर्सन नावाच्या एका समुद्रवेड्या गृहस्थाने समुद्रविषयक अकरा हजारांहून अधिक चित्रे जमवली होती. त्यांत छापील चित्रांचा भरणा मोठा होता. या छंदापायी त्याची मालमत्ता संपत आली आणि संग्रह परदेशी जाण्याची वेळ आली. तेव्हा ग्लासगोचे जहाजमालक सर जेम्स केअर्ड (1864 ते 1954) यांनी तो संपूर्ण संग्रह राष्ट्रासाठी विकत घेतला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. तैलचित्रे, नकाशे, जहाजांच्या प्रतिकृती असे जे जे विक्रीस निघे, ते ते ते घेत गेले. 1934 च्या कायद्याने ग्रिनिचला राष्ट्रीय सागरी संग्रहालय स्थापन झाले, ते बहुतांशी त्यांच्याच औदार्यावर. 27 एप्रिल 1937 रोजी सहाव्या जॉर्ज राजाने त्याचे उद्‌घाटन केले. व्हान द व्हेल्द बापलेक जेथे बसून काम करीत, तो राणीचा महाल याच संग्रहालयाचा भाग झाला.

या संग्रहालयातील दोन चित्रांशी आपला जवळचा संबंध आहे. पहिले सुमारे 1540 चे, लाकडी फलकावर तेलरंगात काढलेले. खडकाळ किनाऱ्यालगत पोर्तुगीज जहाजांचा ताफा आहे आणि मध्यभागी एक प्रचंड जहाज फुगलेल्या शिडांनी उभे आहे. ते 'सांता कातारिना दो मोंते सिनाय', म्हणजे सिनाय पर्वताची संत कॅथरिन, असे पुष्कळ काळ मानले गेले. हे जहाज सोळाव्या शतकाच्या आरंभी आपल्याच देशात, कोचीला बांधले गेले होते. 1521 साली पोर्तुगालची राजकन्या बियात्रिस यातूनच सासरी, सॅव्हॉयला गेली; 1524 साली वास्को द गामा आपल्या शेवटच्या सफरीवर याच जहाजातून हिंदुस्थानास आला. परंतु फलकावर जहाजाचे नाव नाही, चित्रकाराचेही नाही. त्यामुळे आज अभ्यासक ही ओळख खात्रीने सांगत नाहीत. मार्सेयच्या साध्या खलाशाने जे केले, ते या कुशल चित्रकाराकडून राहून गेले.

दुसरे चित्र आमच्या मनाला अधिक लागले. ते विजयदुर्गाचे आहे. इंग्रज त्यास 'घेरिया' म्हणत. चित्रकार डॉमिनिक सेर हा फ्रान्समधील गॅस्कनी प्रांताचा. मुलाने धर्मगुरू व्हावे अशी आईबापांची इच्छा होती. मुलगा पळाला तो समुद्राकडे. पुढे तो इंग्लंडात स्थायिक झाला, 1768 साली रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांत बसला आणि तिसऱ्या जॉर्जचा सागरी चित्रकार झाला. त्याने रंगवलेला प्रसंग फेब्रुवारी 1756 चा आहे. ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर तोफा डागीत आहे. त्या मोहिमेत जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हे आपण विसरू नये. एक पेटता गोळा तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यातील 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच हिसकावून घेतले होते. आग पसरत गेली आणि एकमेकांशेजारी नांगरलेली गुराबे आणि गलबते, जवळजवळ सारे आरमार, जळून गेले.

इंग्रज जहाजांचे कप्तान, त्यांच्या तोफांची संख्या, सगळे नोंदलेले आहे. जळालेल्यांपैकी 'रिस्टोरेशन'चे नाव आपल्याला सहज सापडते, कारण ते मुळात इंग्रजांचे होते. बाकीची गुराबे कोणत्या सुतारांनी बांधली, त्यांवर कोणते तांडेल होते? ज्यांनी ती जाळली त्यांच्या बाजूच्या चित्रकाराने रंगवलेले चित्र आज आपल्याला पाहायला मिळते, आणि आपल्या बाजूने तसे चित्र जपणारा केअर्ड आपल्याला लाभला नाही. यात चित्रकाराचा दोष नाही. जो जपतो, त्याच्या नजरेनेच पुढच्या पिढ्या पाहतात.

उत्तन, पाचूबंदर आणि आसपासच्या किनाऱ्यावरील धर्मग्रामांत शिडाच्या होड्या पाहिलेली माणसे अजून आहेत. संतांच्या नावाच्या त्या होड्या, मच्छीमारीच्या हंगामाआधी धर्मगुरूंनी त्यांवर शिंपडलेले पवित्र पाणी, हे सारे त्यांच्या आठवणीत आहे. कोणाच्या घरी एखादे जुने छायाचित्र असेल, कोणाकडे हौशी हाताने काढलेले रंगीत चित्र. तैलचित्रांचा संग्रह करण्याइतकी ऐपत आपल्यापैकी थोड्यांची; पण पेन्सिल प्रत्येक घरात आहे. ते चित्र भिंतीवरून खाली काढावे आणि त्याच्या पाठीवर लिहावे: होडीचे नाव, मालकाचे नाव, तांडेलाचे नाव, बांधणाऱ्या सुताराचे नाव, गाव आणि साल. सांगणारे आजोबा घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.