रंगीत कांच आणि काळोख

शहरांतून रात्रीच्या आकाशाचें छायाचित्र घेऊं पाहणाऱ्यास आज बाजारांत नाना प्रकारचे फिल्टर मिळतात. कॅमेऱ्यापुढें ही रंगीत कांच बसविली कीं दिव्यांचा उजेड अडतो व ताऱ्यांचा तेवढा आंत येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हें ठरविण्यास या युक्तीचा इतिहासच उत्तम साक्षीदार होय.

१९४३ सालीं अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत वॉल्टर बाडे हा जर्मन ज्योतिर्विद देवयानी दीर्घिकेच्या गाभ्याचीं छायाचित्रें घेत होता. एडविन हबल यानें १९२३ पासून तेथील १०० इंची दुर्बिणीनेंच देवयानीच्या बाह्य भागांतील तारे वेगळे करून दाखविले होते; गाभा मात्र धुक्याच्या गोळ्यासारखाच राहिला होता. महायुद्ध चालू होतें. शत्रुराष्ट्राचा नागरिक असल्यामुळें बाडेकडे लष्करी काम नव्हतें, म्हणून दुर्बीण त्यास मोकळी सांपडली. आणि डोंगराखालच्या लॉस एंजेलिस शहराचे दिवे युद्धकालीन हुकुमानें मंद झाले होते. निळ्या प्रकाशाच्या कांचा आकाशाच्या उजेडानें लवकरच काळवंडत. म्हणून त्यानें तांबडा प्रकाश टिपणाऱ्या कांचा घेतल्या, त्यांपुढें तांबडा फिल्टर लावला व तासन्‌तास प्रकाश सांठविला. गाभ्यांतले तारे सुटे दिसूं लागले! त्यावरून ताऱ्यांचे दोन वर्ग आहेत, असें त्यानें १९४४ सालीं प्रतिपादिलें. आणि १९५२ सालीं, रोम येथील परिषदेंत, दीर्घिकांचीं अंतरें पूर्वीच्या सुमारें दुप्पट धरावीं लागतील असें सांगितलें.

युद्ध संपलें आणि शहरें पुन्हां उजळलीं. तरी त्या काळचे दिवे फिल्टरास एका अर्थीं अनुकूल होते. पाऱ्याच्या वाफेचा दिवा आपला बराचसा प्रकाश ४३६, ५४६ अशा ठराविक नॅनोमीटरच्या तरंगांवर देतो. कमी दाबाचा सोडियम दिवा तर जवळजवळ सर्व ५८९ वर. चोर एकाच दारानें येत असेल तर तेवढें दार लावून घेणें सोपें. उलट तेजोमेघांतील ऑक्सिजन ५०१ वर व हायड्रोजन ६५६ वर प्रकाशतो. त्यांची वाट मोकळी ठेवतां येते. लिक वेधशाळेच्या सोयीसाठीं सॅन होजे शहरानें १९८० च्या सुमारास सोडियमचेच दिवे स्वीकारले, तें याच कारणानें.

पांढऱ्या एलईडी दिव्यानें ही सवलत काढून घेतली. त्याचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला असतो. तेजोमेघासाठीं अरुंद पट्ट्याचा फिल्टर अद्यापि उपयोगी पडतो. परंतु देवयानी ही ताऱ्यांची बनलेली, तिच्या प्रकाशांतही सर्व रंग. दिवा अडवावा तर तीही अडते. बाडेनें जिच्यासाठीं फिल्टर लावला, तिलाच आज शहरांतून फिल्टर फारसा तारूं शकत नाहीं.

बाडेस काळोख मिळाला तो युद्धाच्या कृपेनें. लडाखमधील हानले येथें मात्र २०२२ सालीं काळोख्या आकाशाचें राखीव क्षेत्र जाहीर झालें, तें शांततेच्या काळांत. तेथें दिवे मंद ठेवण्याची व झांकून लावण्याची रीत आहे. शहरवासी वाचकांस तेवढें साधणार नाहीं. पण फिल्टर विकत घेण्यापूर्वीं आपल्या गच्चीवरील दिव्याचें तोंड खालीं वळविणें कोणासही शक्य आहे.