क्लूनीची वाट : दगड गेले, काय उरले?

फ्रान्सच्या यात्रेस आपल्याकडून जाणारे भाविक बहुधा पॅरिस, लिझ्यू आणि लूर्द या स्थळांचे दर्शन घेऊन परततात. या स्थळांच्या दरम्यान पसरलेला ग्रामीण प्रदेश बसच्या किंवा आगगाडीच्या खिडकीतून मागे सरकत जातो आणि त्याची आठवण राहत नाही. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही महत्त्वाची प्रकरणे याच खेड्यापाड्यांत लिहिली गेली आहेत, आणि ती वाचण्यासाठी फार वेगाने जाऊन चालत नाही. बर्गंडी प्रांताच्या दक्षिण भागात अशी एक वाट आहे की, जिच्यावर मोटारींना प्रवेश नाही. ती सायकलस्वारांची आणि पायी चालणाऱ्यांची वाट आहे. साठ-सत्तर किलोमीटरांच्या त्या वाटेवर हजार वर्षांचा इतिहास जागोजागी उभा आहे. वाचकांनी आमच्यासोबत या वाटेने एक फेरी मारावी, अशी विनंती आहे.

सोन नदीच्या काठी माकाँ आणि शालों अशी दोन शहरे आहेत. एकोणिसाव्या शतकात या शहरांना जोडणारा एक लोहमार्ग नदीपासून दूर, पश्चिमेकडील टेकड्यांमधून आणि ग्रोन नदीच्या खोऱ्यातून नेण्यात आला होता. द्राक्षमळ्यांच्या या प्रदेशातील लहानलहान गावांची ती जीवनवाहिनी होती. पुढे मोटारी वाढल्या, प्रवासी घटले, गाड्या बंद पडल्या आणि रूळ उखडले गेले. रिकाम्या पडलेल्या त्या पट्ट्यावर जिव्री ते क्लूनी या टप्प्यात गुळगुळीत रस्ता करून तो १९९७ साली सायकलींसाठी खुला करण्यात आला. फ्रेंच लोक अशा रस्त्याला ‘हरित वाट’ म्हणतात, आणि त्या देशातील अशा वाटांमध्ये ही अगदी आरंभीची होय. नंतर ती दक्षिणेस माकाँच्या दिशेने वाढविण्यात आली. आगगाडीच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नाही. त्यामुळे जुन्या अभियंत्यांनी डोंगरउतारांवरून हा मार्ग अतिशय संथ चढणीने नेला होता. त्या कष्टाचे फळ आज वृद्धांना आणि मुलांनाही मिळते. फारसा दम न लागता सायकल पुढे जात राहते.

आम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याचा क्रम स्वीकारला आहे. माकाँ सोडल्यावर द्राक्षमळे लागतात आणि थोड्याच वेळात बेर्झे-ला-व्हिल हे खेडे येते. वाटेपासून किंचित बाजूला, चढावर, तेथे एक छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. क्लूनीच्या मठाधिपतींचे हे विसाव्याचे ठिकाण होते, आणि संत ह्यू यांना उतारवयात ते विशेष प्रिय होते. बाहेरून पाहणाऱ्याला ते एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारासारखे वाटावे. १८८७ साली गावच्या धर्मगुरूंना येथील भिंतींच्या चुन्याखाली रंग दिसले. चुना दूर केल्यावर बाराव्या शतकाच्या आरंभीची भित्तिचित्रे प्रकट झाली. सिंहासनाधिष्ठित प्रभू ख्रिस्त संत पेत्राच्या हाती गुंडाळी देत आहेत आणि भोवती प्रेषित उभे आहेत, असे ते दृश्य आहे. क्लूनीच्या महामंदिरातील चित्रे नष्ट झाली. तेथील चित्रकलेची कल्पना आज करावयाची असेल, तर या खेड्यातच यावे लागते.

पुढे डोंगर आडवा येतो. त्याच्या पोटातून जुन्या रेल्वेचा बोगदा जातो. त्याची लांबी सुमारे १,६०० मीटर आहे. आत गारवा आणि मंद दिवे असतात. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवण्यात येतो, कारण त्या महिन्यांत वटवाघळे तेथे निद्रिस्त असतात. तेव्हा सायकलस्वारांनी डोंगरावरून वळसा घ्यावयाचा असतो. १९८१ साली सुरू झालेला पॅरिस-लियों अतिजलद लोहमार्गही याच टेकड्या ओलांडून जातो. ज्या प्रदेशातून त्या गाडीतील प्रवासी काही मिनिटांत पार होतात, त्यासाठी आपण येथे एक सबंध दिवस खर्च करीत आहोत.

बोगद्यापलीकडे ग्रोनचे खोरे उघडते आणि क्लूनीचा मनोरा दिसू लागतो. अक्वितेनचा ड्यूक विल्यम याने इ. स. ९१० मध्ये येथील आपली जमीन मठासाठी दान केली. त्या काळी जमीनदार मठ स्थापीत आणि मग त्यावर आपलीच माणसे नेमून त्याचे उत्पन्न खात. विल्यमने दानपत्रात लिहून दिले की, या मठावर आपला, आपल्या वारसांचा किंवा अन्य कोणाही सत्ताधीशाचा हक्क राहणार नाही. मठ संत पेत्र आणि संत पौल यांच्या मालकीचा राहील आणि त्याचे रक्षण पोपमहोदय करतील. आमच्या मते क्लूनीच्या साऱ्या उत्कर्षाचे बीज या एका त्यागात आहे. पहिले मठाधिपती बेर्नो यांच्यापासून दोन शतकांत या मठाच्या छत्राखाली युरोपभर हजारांहून अधिक मठ आले. येथील एक संन्यासी पुढे पोप दुसरे अर्बन झाले.

१०८८ साली संत ह्यू यांनी तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या मंदिराचे बांधकाम सुरू केले. स्पेनमधील राजा सहावा अल्फोन्सो याने त्यासाठी सोने पुरविले. ११३० साली पोप दुसरे इनोसंट यांनी या मंदिराचे पवित्रीकरण केले. त्याची लांबी सुमारे १८७ मीटर होती. सोळाव्या-सतराव्या शतकांत रोमचे नवे संत पेत्राचे मंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठे मंदिर नव्हते.

परंतु याच वैभवाने काही मने अस्वस्थही झाली. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास टीका केली की, भिंती सजविल्या जातात आणि गरीब मात्र उपाशी राहतात. या टीकेत क्लूनीवर थोडा अन्याय असेल. कारण दारी आलेल्या गरिबांना अन्न देणे हा तेथील नित्यनेम होता. पण एवढा मोठा डोलारा आसपासच्या शेतकऱ्यांच्या श्रमावर आणि धान्याच्या वाट्यावर उभा होता, हेही खरे आहे.

या वैभवाच्या काळातील एक प्रसंग आम्हांला दगडांहून मोलाचा वाटतो. मठाधिपती पीटर (कारकीर्द ११२२ ते ११५६) यांना लोक ‘आदरणीय’ म्हणत. पॅरिसचे पंडित पीटर आबेलार यांची मते धर्मसभेने दोषी ठरविली, तेव्हा ते वृद्ध आणि आजारी अवस्थेत रोमकडे दाद मागण्यास निघाले आणि वाटेत क्लूनीला थांबले. मठाधिपतींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांचा आणि संत बर्नार्ड यांचा समेट घडविला आणि प्रकृतीसाठी त्यांना शालोंजवळच्या सें-मार्सेल मठात पाठविले. तेथेच ११४२ साली आबेलार यांनी देह ठेवला. याच मठाधिपतींच्या पुढाकाराने ११४३ साली कुराणाचे लॅटिन भाषांतर पूर्ण झाले. त्यांचा हेतू खंडनाचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याचा धर्मग्रंथ आधी वाचावा आणि मग बोलावे, ही दृष्टी धर्मयुद्धांच्या त्या शतकात विरळाच होती.

कालांतराने दानपत्रातील मूळ अट विसरली गेली. मठाधिपतींची नेमणूक राजाच्या मर्जीने होऊ लागली आणि कित्येकदा ते मठात राहतही नसत. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बरखास्त झाला. १७९८ साली इमारती व्यापाऱ्यांना विकल्या गेल्या. त्यांनी मंदिराच्या मध्यभागातून रस्ता काढला, कमानी सुरुंगाने उडविल्या आणि दगड विकले. हा सगळा नाश क्रांतिकारकांच्या द्वेषामुळे झाला, असे सर्रास सांगितले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. दगड काढण्याचे काम नेपोलियनच्या काळातही चालू होते आणि राजेशाही परत आल्यानंतरही, १८२३ पर्यंत, थांबले नाही. पुष्कळसे काम व्यापाराचेच होते. १८०६ साली स्थापन झालेल्या सरकारी अश्वशाळेसाठीही येथीलच दगड वापरण्यात आले. आज मंदिराचा जेमतेम दहावा भाग शिल्लक आहे. दक्षिणेकडील आडव्या दालनाचा एक बाहू आणि त्यावरील अष्टकोनी मनोरा तेवढा उभा आहे. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ केनेथ कोनंट यांनी १९२८ पासून येथे उत्खनन केले आणि मूळ इमारतीचे आराखडे जगापुढे ठेवले. सायकल भिंतीला टेकवून तो उरलेला बाहू आतून पाहावा आणि मग त्याच्या कितीतरी पट विस्तार मनाने कल्पावा. गेलेल्या गोष्टीची खरी मोजदाद अशीच होते.

क्लूनीपासून उत्तरेस दहा-एक किलोमीटरवर, वाटेच्या वरच्या अंगाला टेकडीवर तेझे हे गाव आहे. जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेला आणि देशाचे दोन भाग झाले. विभागणीची रेषा याच जिल्ह्यातून, शालोंजवळून जात होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षांचा एक स्विस प्रोटेस्टंट तरुण जिनिव्हाहून सायकलवर या भागात आला. त्याचे नाव रॉजर शुट्झ. एकत्र प्रार्थना आणि समेटाचे काम करण्यासाठी त्याला एक घर हवे होते. तेझेमध्ये मोजकीच माणसे राहत होती. एका वृद्ध बाईने त्याला जेवू घातले आणि येथेच राहण्याची गळ घातली. त्याने तेथे घर घेतले. पुढील दोन वर्षे त्याने आणि त्याची बहीण जनव्हिएव्ह हिने त्या घरात निर्वासितांना आसरा दिला, आणि त्यांत ज्यूही होते. १९४२ साली कोणीतरी चुगली केली. रॉजर तेव्हा जिनिव्हाला गेलेले होते. त्यांना परतणे अशक्य झाले. तो धोका किती खरा होता, हे शेजारच्या क्लूनीत दिसले. १४ फेब्रुवारी १९४४ रोजी जर्मनांनी तेथे धाड घालून स्त्री-पुरुषांना पकडून नेले, आणि त्यांतील अनेक छावण्यांतून परत आले नाहीत.

१९४४ साली रॉजर सोबत्यांसह परतले. युद्ध संपल्यावर त्यांनी जवळच्या छावणीतील जर्मन युद्धकैद्यांना रविवारी घरी बोलावून जेवू घातले. ज्या घरात जर्मनांपासून लपणारे राहिले होते, त्याच घरात हे घडले. १९४९ च्या ईस्टरला सात बंधूंनी आजन्म व्रत घेतले. १९६२ साली तेथे समेटाचे मंदिर उभे राहिले, तेही जर्मन तरुणांच्या श्रमदानाने. पुढे कॅथलिक बंधूही या संघात आले, आणि ५ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेझेला भेट दिली. १६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थना चालू असताना एका मनोरुग्ण स्त्रीने ब्रदर रॉजर यांची हत्या केली. तेव्हा त्यांचे वय ९० होते. गावच्या लहानशा जुन्या चर्चशेजारी त्यांची साधी कबर आहे. जगभरातील हजारो तरुण दरवर्षी या टेकडीवर येतात आणि तंबूत राहून प्रार्थना करतात.

तेझेच्या पुढे वाट कोर्मातँच्या सतराव्या शतकातील गढीजवळून जाते. तेथून काही किलोमीटर आडवाटेला शापेझचे चर्च आहे. अकराव्या शतकातील ते चर्च आणि त्याचा उंच मनोरा आजही शाबूत आहे. आतले जाड खांब काहीसे कललेले आहेत, पण छत त्यांनी तोलून धरले आहे. सें-जांगू हे गाव राजाच्या काळात ‘राजाचे’ म्हणवीत असे. राजे गेल्यावर त्याने आपल्या नावापुढे ‘राष्ट्राचे’ असे बिरुद लावले. त्यानंतर ब्युक्सी, जिव्री आणि अखेरीस शालों येते.

या वाटेवर जे उरले त्याचा हिशेब मांडावा, असे आम्हांला वाटते. सर्वांत मोठे मंदिर दगडांच्या भावाने विकले गेले. खेड्यातील चर्चे मात्र टिकली, कारण गावकऱ्यांचे बारसे, लग्न आणि मर्तिक तेथेच होत असे आणि त्यांना ती नित्य लागत होती. क्लूनीचे आणखी एक देणे असेच टिकले. मठाधिपती संत ओदिलो (कारकीर्द ९९४ ते १०४९) यांनी आपल्या सर्व मठांना आज्ञा केली की, सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करावी. केवळ राजांसाठी आणि दानशूरांसाठी नव्हे, तर ज्यांचे नाव कोणी घेत नाही त्यांच्यासाठीही. ती प्रथा सर्वत्र पसरली. दरवर्षी २ नोव्हेंबरला वसईच्या धर्मग्रामांतील दफनभूमींत आपण आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो आणि मेणबत्त्या लावतो, तेव्हा आपण क्लूनीचीच आज्ञा पाळीत असतो. १८७ मीटरांच्या त्या मंदिराचा एकही दगड आपल्यापर्यंत आला नाही. ही मेणबत्ती मात्र आली.