फुंकर तुमची, ‘नॉर्मल’ कोणाचं?

ज्यांनी कधी पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची फुंकायची टेस्ट केली असेल, त्यांना तो आवाज नक्की आठवेल. “मोठा श्वास घ्या... आता फुंका, फुंका, फुंका, अजून फुंका!” नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पाच-सहा सेकंदांत डोळ्यांपुढे काजवे. मग एक छापील कागद हातात येतो. त्यावर मुख्य आकडे तीन: तुम्ही किती हवा बाहेर सोडली, तुमच्यासारख्या माणसाने किती सोडायला हवी होती, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या किती टक्के आहे.

पहिला आकडा मशीन मोजतं. दुसरा येतो कुठून? आजचा लेख या दुसऱ्या आकड्याच्या इतिहासावर आहे.

सुरुवात लंडनमध्ये. जॉन हचिन्सन हे डॉक्टर आयुर्विमा कंपनीसाठीही काम करत. विमा कंपनीचा प्रश्न सरळ होता: समोरचा माणूस लवकर मरणार आहे का? त्या काळात क्षयरोगाने माणसं पटापट जात होती, आणि क्षयाचा जंतू सापडायला (कॉख, 1882) अजून बराच अवकाश होता. हचिन्सननी पाण्यात एक भांडं उपडं ठेवलं, त्याला कप्पीवरून वजनं लावली आणि आत फुंकायला एक नळी दिली. फुंकलं की भांडं वर उचललं जायचं, आणि किती उचललं त्यावरून हवेचं माप कळायचं. हाच स्पायरोमीटर. पूर्ण श्वास भरून घेऊन जेवढी हवा बाहेर टाकता येते, तिला त्यांनी ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिलं. ते आजही चालू आहे.

1846 साली त्यांनी 2000 हून जास्त लोकांची मापं प्रसिद्ध केली. त्यात खलाशी होते, पोलीस होते, आगीचे बंबवाले, पहिलवान, गरीब-गुरीब आणि बडे लोकही. त्यांना दिसलं की ही क्षमता उंचीच्या प्रमाणात वाढते: दर इंचाला 8 घन इंच, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण 130 मिलीलीटर. म्हणजे आता उंची विचारून ‘अपेक्षित’ आकडा सांगता येऊ लागला, आणि त्याहून बराच कमी आला तर संशय घेता येऊ लागला. कल्पना उत्तमच होती. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हा आकडा पहिल्या दिवसापासून पैशाच्या निर्णयाशी बांधलेला होता.

मशीन अमेरिकेत पोचलं आणि गोष्टीला वेगळं वळण लागलं. लुइझियाना राज्यातला सॅम्युएल कार्टराइट हा डॉक्टर गुलामगिरीचा कट्टर समर्थक. कृष्णवर्णीयांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा 20 टक्के कमी हवा घेतात, असा दावा त्याने केला. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष वाचून आजही अंगावर काटा येतो: सक्तीच्या श्रमाने त्यांच्या रक्ताला जास्त हवा मिळते, म्हणून गुलामगिरी त्यांच्या तब्येतीला चांगली! पुढे यादवी युद्धाच्या काळात हजारो सैनिकांची मापं घेतली गेली. ती 1869 साली बेंजामिन गूल्ड यांनी प्रसिद्ध केली. (गूल्ड मूळचे खगोलशास्त्रज्ञ.) त्यातही कृष्णवर्णीय सैनिकांचे आकडे कमी होते. यातले कितीतरी जण नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले. लहानपणी काय खाल्लं, कुठे राहिले, कोणत्या धुळीत राबले, याचा हिशेब त्या तक्त्यांत नव्हता. फरक दिसला आणि त्यावर ‘वंश’ असं लेबल लागलं.

हे लेबल पुढे मशीनच्या आतच जाऊन बसलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी अपेक्षित आकडा 10 ते 15 टक्क्यांनी आणि आशियाईंसाठी 4 ते 6 टक्क्यांनी कमी धरण्याची पद्धत रूढ झाली. याने काय फरक पडतो? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अपेक्षित आकडा 4 लीटर आणि तुम्ही फुंकलं 3.1 लीटर, म्हणजे 77 टक्के. 80 च्या खाली गेलं तर गडबड, हा जुना ढोबळ नियम. त्यामुळे डॉक्टर पुढची तपासणी करतील. आता ‘दुरुस्ती’ म्हणून अपेक्षित आकडा 10 टक्के कमी करा: 3.6 लीटर. तीच फुंकर आता 86 टक्के. रिपोर्ट नॉर्मल, घरी जा. फुप्फुसं तीच, हवा तीच, बदलला फक्त भागाकारातला खालचा आकडा.

1999 साली बाल्टिमोरमध्ये हा भागाकार कोर्टात पोचला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या भरपाईच्या दाव्यांत एका मोठ्या कंपनीची मागणी होती की कृष्णवर्णीय कामगारांना वेगळे निकष लावावेत. मागणी मान्य झाली असती, तर गोऱ्या कामगाराइतकीच भरपाई मागायला त्यांची फुप्फुसं जास्त खराब असावी लागली असती.

बरं, मग आपलं काय? भारतात ही अडचण दुहेरी आहे. युरोपियन लोकांचे आकडे जसेच्या तसे लावले तर धडधाकट माणसंही आजारी ठरतात. म्हणून इथल्या लोकांची मापं घेणं गरजेचं होतं, आणि मुंबईत केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी 1970-80 च्या दशकांत भारतीयांसाठी असे तक्ते तयार केलेही. पण इथे एक मेख आहे. ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या माणसाला खोकला नसेल, तो विडी ओढत नसेल. तरी लहानपणची उपासमार आणि चुलीचा धूर त्याच्या फुप्फुसांत आधीच जमा झालेला असू शकतो. त्याची सरासरी आपण ‘नॉर्मल’ म्हटली, की ते नुकसानही नॉर्मल होऊन बसतं. 2012 मध्ये जगभरच्या मापांवरून नवी समीकरणं आली, पण त्यांतही भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नव्हता. आपण ‘इतर’मध्ये.

2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशानुसार वेगळे आकडे न वापरता सगळ्यांना एकच सरासरी समीकरण लावण्याची शिफारस केली. यानेही सगळं सुटत नाही. अपेक्षित आकडा वर गेला की काहींचा आजार लवकर पकडला जातो, भरपाई मिळते. पण त्याच आकड्यामुळे एखाद्याचं फुप्फुसाचं ऑपरेशन नाकारलं जाऊ शकतं किंवा नोकरी हुकू शकते.

एक दिलासा आहे. पहिल्या सेकंदात सोडलेली हवा भागिले एकूण हवा, हे गुणोत्तर 1947 मधल्या तिफनो यांच्या कामातून पुढे आलं. यात वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे तुमचेच असतात, त्यामुळे वंशाचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. दमा किंवा सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झाल्या की हे गुणोत्तर घसरतं. पण सिलिकोसिससारख्या आजारात फुप्फुसच आक्रसतं, दोन्ही आकडे एकदम खाली येतात आणि गुणोत्तर ठीकच दिसू शकतं. तिथे पुन्हा तोच ‘अपेक्षित’ आकडा लागतो. म्हणजे खाणीतल्या, दगडफोडीच्या कामगाराला ज्याची सगळ्यात जास्त गरज, तोच आकडा सगळ्यात वादग्रस्त.

म्हणून पुढच्या वेळी पीएफटीचा रिपोर्ट हातात आला की टक्केवारीच्या आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. कोणतं समीकरण, कोणता गट, ते बहुतेक तिथे लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. तुमच्याच गेल्या वर्षीच्या फुंकरीशी केलेल्या तुलनेत दुसऱ्या कोणाची सरासरी मध्ये येत नाही.