बाळंतिणीची खोली

आमच्या वाड्यात माजघराला लागून एक खोली आहे. तिला खिडकी नाही. भिंतीत उंचावर हातभर झरोका आहे, तेवढाच. ती अजूनही आमच्याकडे 'बाळंतिणीची खोली' म्हणूनच ओळखली जाते. माझे वडील तिथे जन्मले, आम्ही चौघे भावंडेही तिथेच जन्मलो. पुढे बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली आणि खोलीत मोडक्या ट्रंका, जुने पाळणे नि आकाशकंदिलाचे सांगाडे येऊन पडले. गेल्या वर्षी वसुबारसेला ही खोली पुन्हा आपल्या नावाला जागली. बाळंतीण मात्र आमच्या नात्यागोत्यातली नव्हती.

ती आळीतली एक भटकी मांजरी. अंगावर राखी पट्टे, पोट जमिनीला टेकायला आलेले. पंधरवड्यापूर्वी बोळातला कुत्रा मागे लागला म्हणून ती प्रथम आमच्या ओसरीवर चढली. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. कुत्रा-मांजर दिसले की लोकांना भांडण आठवते, मला चन्हुदडोची वीट आठवते. सिंधमधल्या या हडप्पाकालीन गावाचे उत्खनन १९३५-३६ साली झाले. तिथे सापडलेल्या एका विटेवर मांजराच्या पावलाचा ठसा आहे आणि त्यावर किंचित चढलेला कुत्र्याच्या पावलाचा. चार हजार वर्षांपूर्वी वीट वाळत घातली असताना पुढून मांजर गेले नि मागून कुत्रा. पुढे काय झाले, ते विटेत नाही.

आमच्या मांजरीचे पुढे काय झाले ते मात्र मी पाहिले. तिने आठवडाभर घर हिंडून तपासले. कोठीघर पाहिले, माळा पाहिला, माझ्या पुस्तकांच्या कपाटात शिरून बाहेर आली आणि शेवटी त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. नातीने खोक्यात जुने धोतर अंथरून दिले. पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, "हात लावू नका, दिवा मंद ठेवा, पाणी जवळ असू द्या. दिवस भरले की मांजरी आपले आपण करते. पण अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू आले नाही, तर घेऊन या." मांजरीचे दिवस म्हणजे साधारण त्रेसष्ट ते पासष्ट. तिने कधी मोजायला सुरुवात केली होती ते तिलाच ठाऊक!

संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली. आमच्या सौभाग्यवतींचा उपास होता. त्या दिवशी त्या दूधदुभते नि गहू खात नाहीत, कारण दुधावर हक्क वासराचा. पूजा आटोपून त्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मीही खुर्ची आणि दोन पुस्तके घेऊन आलो. आमच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

मी नातीला सांगू लागलो: माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले नि उंदरांमागे मांजर आले. गाय, घोडा, कुत्रा यांना माणसाने माणसाळवले. मांजर आपल्या पायांनी आले. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरापासून आपली घरची मांजरे उतरली, हे २००७ साली जनुकीय अभ्यासावरून नक्की झाले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी, जेमतेम हातभर अंतरावर, आठ महिन्यांचे मांजर पुरलेले सापडले. त्या बेटावर रानमांजरे मूळची नव्हती. म्हणजे कोणीतरी नावेत घालून नेले असणार. ते पाळीव होते की माणसाला नुसते सरावलेले होते, यावर पंडितांचे वाद चालूच आहेत.

"उंदीर कोठीघरात आहेत," सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या. "मग ही तिथे का नाही गेली? इथे का आली?"

मी गप्प झालो. चाळीस वर्षे मी मुलांना धान्य नि उंदीर एवढेच शिकवले होते. मांजर पोटासाठी आले, हे खरे असेल. पण राहिले ते कशासाठी? वारा न लागणारी कोरडी जागा, जिथे बोका आणि कुत्रा सहजी येणार नाहीत, आणि आपण शिकारीला गेलो तरी पिल्ले शाबूत राहतील, अशी जागा रानात किती मिळणार? इजिप्तमध्ये हिराकोन्पोलिस येथे इसवी सनापूर्वी ३८०० ते ३६०० या काळातल्या एका खड्ड्यात सहा मांजरे सापडली, त्याची हकीकत २०१४ साली प्रसिद्ध झाली. एक नर, एक मादी आणि दोन वेगवेगळ्या वेतांची चार पिल्ले. मी ते वाचले तेव्हा सनावळीकडे पाहिले होते. त्या रात्री मला प्रथमच ती पिल्ले दिसली.

साडेदहाच्या सुमारास पहिले पिल्लू आले. मुठीत मावेल एवढे, पातळ पिशवीत गुंडाळलेले. मांजरीने पिशवी फोडली, तोंड चाटले, नाळ तोडली नि मागून आलेली वार खायला सुरुवात केली. एवढ्यात शेजारच्या काकू धावत आल्या. मांजरीची वार कुंकवात घालून पेटीत ठेवली की घरात लक्ष्मी टिकते, असा पुष्कळांचा समज आहे. आणि लक्ष्मीपूजन तर तीन दिवसांवर आलेले. "एवढी एक द्या हो, तिला काय करायची आहे!" काकू म्हणाल्या.

"तो तिचा डिंकाचा लाडू आहे," सौभाग्यवती उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. "बाळंतिणीच्या तोंडचा घास काढून का लक्ष्मी येते, काकू?" काकू रागावून गेल्या.

दुसरे पिल्लू अकराला आले. मग बोळात कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. मांजरी ताडकन उठली, एक पिल्लू तोंडात धरून खोलीभर फिरली, नि कळा थांबल्या. बारा वाजले, एक वाजला. मी पिशवी नि रिक्षाचा विचार करीत होतो तोच तिसरे आले. पण ती इतकी दमली होती, की तिने त्याच्याकडे मान वळवलीच नाही. पिशवी तशीच राहिली.

"अहो, पुस्तक ठेवा नि तो पंचा द्या!"

सौभाग्यवती शेतकऱ्याघरच्या. माहेरच्या गोठ्यात त्यांनी वासरांची नाके पुसली होती. त्यांनी नखाने पिशवी फाडली, पिल्लाचे तोंड पुसले, डोके खाली धरून पंचाने अंग चोळू लागल्या. मी घड्याळ पाहत होतो. चार मिनिटे त्यांच्या हातात एक ओली चिंधी होती. पाचव्या मिनिटाला तिने तोंड उघडले. आवाज आला नाही, नुसतेच उघडले. मग दुसऱ्यांदा आवाज आला. मांजरीने मान वळवली आणि आपले पिल्लू मागून घेतले.

चौथे पहाटे आले ते मेलेलेच. तिने ते बराच वेळ चाटले. हिरोडोटसने लिहून ठेवले आहे, की इजिप्तमध्ये घरातले मांजर मेले तर घरची माणसे भुवया काढीत. इसवी सनापूर्वी ६० च्या सुमारास एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेले, तेव्हा जमावाने त्याला ठार केले. राजाच्या अधिकाऱ्यांनाही तो वाचवता आला नाही. हे डिओडोरसने स्वतः पाहिले होते. त्यांची बास्तेत देवी मांजराच्या मुखाची. तिच्या कित्येक काशाच्या मूर्तींच्या पायाशी पिल्ले बसलेली असतात. म्हणजे आमचे गाय-वासरू तसे त्यांचे. पण भाविकांनी देवीला वाहायच्या ममींसाठी मांजरे मुद्दाम वाढवीत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या माना एक ते चार महिन्यांच्या वयातच पिरगळलेल्या आहेत. पुढे १८८८ साली बेनी हसनजवळ अशा ममींचा प्रचंड साठा सापडला. १८९० साली त्यांतल्या सुमारे १९ टन लिव्हरपूलला नेऊन शेतीच्या खतासाठी विकल्या. मांजरीचे आईपण पुजणे सोपे असते, पिल्लू जगू देणे अवघड. मी परसात पारिजातकाखाली खड्डा खणला.

आपल्याकडची पोथ्यापुराणे मांजराला बरे म्हणत नाहीत. मनुस्मृतीत ढोंग्याला नाव 'बैडालव्रतिक'. महाबलिपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पात मांजर हात वर करून तप करते आहे नि पायाशी उंदीर. (मांजर मारल्यास प्रायश्चित्त मात्र मनूनेच सांगितले आहे.) हे सगळे बोके! व्यालेली मांजरी भेटते ती बायकांच्या कहाण्यांत. बंगालात मुलांची रक्षणकर्ती षष्ठीदेवी मांजरावर बसते. स्वतः चोरून खाऊन मांजरावर आळ घेणाऱ्या सुनेची मुले मांजर उचलून नेते, अशी तिथे व्रताची कहाणी आहे. त्याच षष्ठीची आपल्याकडे सटवाई झाली. सहाव्या रात्री येऊन ती कपाळी लिहिते. पण तिचे मांजर वाटेत कुठे राहिले, कोण जाणे.

वसुबारसेपासून सहावा दिवस भाऊबीजेचा. नातीने आजीला विचारून खोक्याशेजारी कोरा कागद नि पेन्सिल ठेवली. पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच होते. पशुवैद्यांशी बोलणे झाले होते, की पिल्ले दूध सोडतील तेव्हा मांजरीची शस्त्रक्रिया करून घ्यायची. असली रात्र तिला पुन्हा नको.

सकाळी पाहतो तो खोके रिकामे, कागद कोरा. मांजरी सात घरे पिल्ले फिरवते म्हणतात, तसे तिने घर बदलले होते. नात रडू लागली. तेवढ्यात काकूंची हाक आली. त्या दारात उभ्या होत्या, हातावर पीठ तसेच.

"अहो वहिनी, तुमची बाळंतीण आमच्या पैठणीच्या ट्रंकेत येऊन बसली आहे! तिन्ही पोरांना घेऊन. काय घालू तिला खायला?"