निष्काम कर्माचा जमाखर्च

'निःस्वार्थ' हा शब्द हल्ली मुख्यतः फ्लेक्सवर दिसतो. वर 'निःस्वार्थ समाजसेवक' म्हणून भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि खाली पंधरा शुभेच्छुक, गॉगलसकट! त्यामुळे हा शब्द कानावर पडला की आपल्या पिढीला आधी हसू येतं, मग शंका येते. याला यातून काय मिळत असेल बरं?

शंका रास्तच आहे. पण या शब्दाचा अर्थ पुण्यातल्या काही माणसांनी एकेकाळी फार गंभीरपणे घेतला होता. त्यातल्या एकाचं नाव आपण रोज ट्रॅफिकला शिव्या घालताना घेतो. कर्वे रोडवाले कर्वे. धोंडो केशव कर्वे, म्हणजेच अण्णा.

आपल्याला कर्वे माहीत असतात ते शाळेच्या पुस्तकातले. महर्षी, १९५८ साली शंभराव्या वर्षी भारतरत्न, पांढरी दाढी. मला मात्र त्यांच्यातला गणिताचा मास्तर जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कारण या माणसाने निःस्वार्थपणा हा विषय भावनेवर सोडला नाही. त्याची चक्क सिस्टिम बसवली.

सुरुवात थोडी मागून करू. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. टिळक, आगरकर वगैरे मंडळींनी तिथे एक अजब पद काढलं होतं, आजीव सदस्य. संस्थेत वीस वर्षं शिकवायचं, आणि पगार पुढे ठरला तो महिना ७५ रुपये. सरकारी नोकरीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळू शकेल अशी ही पदवीधर माणसं. आपल्याकडे कंपनी दोन वर्षांचा बाँड लिहून घेते तरी आपण वकिलाला फोन लावतो!

आता गंमत बघा. इतकी त्यागी माणसं एकत्र आली म्हणजे सगळं गुण्यागोविंदाने चाललं असेल ना? अजिबात नाही. आजीव सदस्याने बाहेरची कामं करून पैसे मिळवावेत की नाही, यावर जोरदार वाद झाले. टिळकांचं म्हणणं होतं की सगळा वेळ संस्थेचाच. बाकीच्यांना ते इतकं कडक नको होतं. शेवटी १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. (२०२२ मध्ये आपल्या आयटीत मूनलायटिंगवरून जो गदारोळ झाला, तो या वादाचा पणतू म्हणायला हरकत नाही.) यातून मला एक गोष्ट कळते. मनात त्याग असला तरी तो किती, कोणासाठी आणि कोणत्या अटीवर हे ठरवावंच लागतं. नाहीतर चांगली माणसंच एकमेकांशी भांडत बसतात.

टिळक गेले आणि गणिताची जागा रिकामी झाली. एल्फिन्स्टनमधल्या जुन्या ओळखीवर गोखल्यांनी कर्व्यांना मुंबईहून बोलावलं. १८९१ साली कर्वे फर्ग्युसनमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी आजीव सदस्य झाले.

त्याच १८९१ मध्ये त्यांची पत्नी राधाबाई वारली होती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तेहतीस वर्षांच्या विधुराने बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज केली असती आणि कोणी हूं की चूं केलं नसतं. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर आनंदीबाई, आणि पुढे सगळ्यांच्या बाया. या लग्नापायी मुरूडने, म्हणजे कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. याच गावासाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी मित्रांबरोबर 'मुरूड फंड' सुरू केला होता. स्वतःच्या मिळकतीतून थोडे थोडे पैसे बाजूला काढून गावाच्या कामाला लावायचे, अशी योजना. म्हणजे जीव लावला ते गावच उलटलं. आपण असतो तर 'गेलं उडत' म्हणून मोकळे झालो असतो.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवायचं आणि पायावर उभं करायचं, हा उद्देश. असं काम करणारे ते पहिले नव्हेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच पुण्यात विधवांसाठी प्रसूतिगृह काढलं होतं, आणि रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं. पण आश्रमाची चिकाटी वेगळी होती. १९०० साली, प्लेगच्या दिवसांत, आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. जमीन रावबहादूर गोखले यांनी दिली. त्यावर एक झोपडी उभी राहिली.

आजचं कर्वेनगर तेव्हा निव्वळ रान होतं. धड रस्ता नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. कर्वे दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे. संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामानसुमान घेऊन चालत हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत चालत कॉलेजला. वय बेचाळीस. एक दिवस नाही, एक वीकएंड नाही, वर्षानुवर्षं. कॉलेजच्या सुट्ट्या लागल्या की गावोगाव वर्गणी मागत फिरायचे.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो शाळेच्या पुस्तकात नव्हता.

आश्रमात बायांना जागा नव्हती. हो, खुद्द कर्व्यांच्या बायकोला. कारण सरळ होतं. त्या पुनर्विवाहित. त्यांचा वावर तिथे दिसला असता तर लोक म्हणाले असते की हा आश्रम म्हणजे विधवांची लग्नं लावायचा कारखाना, आणि कोणी आपली मुलगी तिथे पाठवली नसती. हिशेब बरोबर होता. पण त्याची किंमत कोणी मोजली? जिला हे दुःख आतून माहीत होतं, जिला हे काम करायची इच्छा होती, तिलाच दाराबाहेर थांबावं लागलं. वर घरी मुलं, तुटपुंजा पगार, त्यातलेही पैसे सार्वजनिक कामाकडे वळणारे, आणि नवरा रात्री हिंगण्यात. बायांनी पुढे 'माझे पुराण' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्यांनी ही ओढाताण अजिबात साखर न पेरता सांगितली आहे.

मला इथे खरी मेख दिसते. एका माणसाचा निःस्वार्थपणा बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून खर्ची पडतो. आणि त्या दुसऱ्या माणसाच्या नावाचा रस्ता होत नाही.

बायांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले. त्या विधवा होत्या, त्यामुळे आश्रमात येऊ शकल्या आणि तिथला आधारस्तंभ झाल्या. १९१८ मध्ये या बाई अमेरिकेला गेल्या! वय अठ्ठेचाळीस आणि इंग्रजी जेमतेम. इंग्रजी शिकायचं आणि संस्थेसाठी पैसे जमवायचे, एवढा बेत. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. दोन वर्षांनी परत आल्या नि पुन्हा कामाला लागल्या. आपण ऑनसाइटला जाताना प्रेशर कुकर आणि रेडी मिक्सची पाकिटं घेऊन जातो, तरी आपल्याला होमसिक व्हायला होतं.

कर्व्यांना या सगळ्या खर्चाची जाणीव झाली असावी, असं मला १९०८ सालाकडे बघून वाटतं. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांनी 'निष्काम कर्ममठ' स्थापन केला. नाव भारदस्त आहे, पण आतमध्ये अगदी व्यवहारी विचार आहे. एकट्याच्या दमावर काम किती दिवस चालणार? माणसं घडवायला हवीत. मठात येणाऱ्याने शपथ घ्यायची. आजपासून माझं आयुष्य मठाचं. स्वतःच्या फायद्याचा विचार करणार नाही. राहणी साधी ठेवीन. दुसऱ्याच्या धर्मभावना दुखावणार नाही. कोणाचा द्वेष करणार नाही. आणि माझी व माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांची जी व्यवस्था मठ बहुमताने ठरवेल, त्यात समाधान मानीन.

हे शेवटचं कलम वाचून मी थबकलो. माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांची! म्हणजे त्यागाच्या कागदावर घरच्या माणसांची नोंद झाली. त्यांची जबाबदारी मठाने उचलली. समाधान मानायचं ते बहुमत ठरवेल त्यातच, हे खरं; आणि बायांची सगळी भरपाई यातून झाली असंही मी म्हणणार नाही. पण निदान खर्चाचं खातं उघडलं गेलं. आणि 'द्वेष करणार नाही' हे कलम बहिष्कार सोसलेल्या माणसाकडून आलं आहे, हेही विसरायला नको.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, पहिल्या कॉलेजात अवघ्या पाच विद्यार्थिनी. १९२० मध्ये ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आणि एसएनडीटी हे नाव. हिंगण्याच्या त्या झोपडीची झाली आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, ते आपलं कमिन्स. आमच्या टीममध्ये दोघी तिथल्या आहेत. प्रॉडक्शन कोसळल्यावर रात्री दोन वाजता डोकं शांत ठेवतात त्या याच दोघी. झोपडी बांधताना हे कोणाच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं.

मग आपण काय करायचं? ७५ रुपयांवर वीस वर्षं कोणीच काढणार नाही, मीही नाही. ईएमआय आहे बाबा. पण या गोष्टीतून दोन-तीन गोष्टी उचलता येतात. मन भरून येईल तेव्हा देण्यापेक्षा पगार झाला की ठरलेला हिस्सा बाजूला काढणं. वर्षातून एकदा झाडं लावून सेल्फी काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी, कंटाळा आला तरी, दर आठवड्याला जात राहणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, शनिवारी सकाळी 'समाजकार्याला' बाहेर पडण्यापूर्वी घरात विचारणं, की मी नसताना माझ्या वाटचं काम कोण करतंय?

कर्व्यांच्या चिखलातल्या फेऱ्या आपल्याला पाठ असतात. बायांचं 'माझे पुराण' लायब्ररीत मिळालं तर जरूर वाचा. जमाखर्च पुरा व्हायला दोन्ही बाजू लागतात.